फळपट्ट्यातली जमीन

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना बागाईतदार व्हायची हुक्की आली. लखनौतल्या इंदिरा नगरच्या फ्लॅटमध्ये ह्यांच्या हातून साधी तुळस जगली नाही, पण शहराबाहेर आंब्याच्या झाडांत घर बांधायचं होतं. एका दलालाने तशी जागा दाखवली. भाव ऐकून हे हरखले, आणि तोच भाव ऐकून मला शंका आली.

बाग सुरेख होती, ऐन मोहरातली. समोरच्या रस्त्यापलीकडे एका शेताचं लग्नाचं लॉन झालं होतं आणि त्याचा मालक मोठ्या गाडीतून फिरत होता. अलीकडची मातीही तीच, पण ती सरकारने आखलेल्या फळपट्ट्यात. इथे प्लॉट पाडता येत नाहीत, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, म्हणून गिऱ्हाईकही फिरकत नाही. दलालाकडे त्यावर तोड होती. वाळलेलं झाड तोडायला परवानगी मिळते, तेव्हा घरापुरत्या झाडांच्या बुंध्यांना भोकं पाडून तेजाब ओतायचं. लोणच्याची कृती सांगावी इतक्या सहज त्याने हे सांगितलं.

बागेचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं आणि बागेखेरीज विकण्यासारखं घरात काही नव्हतं. हे आम्हाला दलालानेच वाटेत गाडीत सांगितलं होतं. गरजवंत फार ताणून धरत नाही, असंही वर.

ह्यांनी बयाण्याचा विषय काढला, तेवढ्यात घरातून वॉकर टेकत त्या स्वतःच बाहेर आल्या. ओसरीपासून फाटक काही लांब नव्हतं, पण त्या पोचेपर्यंत आम्ही सगळे नुसते उभे राहिलो. मी हात द्यायला गेले, तर मानेनेच नको म्हणाल्या.

"बेटा, यहाँ मकान मत बनाना," त्या मला म्हणाल्या. "नक्शा पास नहीं होगा. कल को बुलडोज़र आ गया तो कहाँ जाओगी?"

दलाल तणतणत गाडीत जाऊन बसला. मी वाकून त्या बाईंना नमस्कार केला. माझ्या हातून असं झालं नसतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. लखनौला दसहरी मिळत राहावी म्हणून केलेला नियम चुकीचा नसेलही, पण आंबे आम्ही खायचे आणि त्याची झळ ह्या बाईच्या गुडघ्यांनी सोसायची, ही कुठली रीत? मी विचारलं, ह्या नियमाचा राग येत नाही का? येतो की, त्या म्हणाल्या, रोज सकाळी उठताना येतो. पण तो तुमच्यावर कशाला काढू?

मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते अजूनही मान खाली घालूनच उभे होते.

"इनसे तो कहा जाता नहीं," वॉकर घराकडे वळवत त्या मला म्हणाल्या. "अब जो भी आएगा, मुझे ही फाटक तक आना पड़ेगा."