एर्सिलियाची सही

एर्सिलिया कान्तेल्मो मला आवडत नाही, हे आधीच सांगते. माझी कॉफी पाणचट म्हणायची आणि रोज माझ्याकडेच प्यायची. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने जन्म काढला. हाताखालच्या बायका तिने रडवल्या, पण एकही पोर कधी उपाशी उठलं नाही.

त्या उन्हाळ्यात रोममधल्या शहाण्यांनी राज्यघटना बदलली. आम्हा डोंगरवाल्यांचा आवाज त्यात आणखी बारीक होणार होता. दोन तृतीयांश खासदार बाजूने असते तर विषयच संपला असता. तेवढे नव्हते, तरी सार्वमत आपोआप होत नाही, कुणीतरी मागावं लागतं. खासदार गप्प, प्रांतही गप्प. उरलो आम्ही. तीन महिन्यांत पाच लाख मतदारांनी सह्या केल्या तर देशाला विचारायचं, नाहीतर बदल मुकाट्याने लागू.

"माझ्या भांड्यात मला न विचारता कुणी मीठ टाकलं नाही," एर्सिलिया म्हणाली, "आणि हे मेले घटनेत हात घालतात?"

मुदतीतल्या शेवटच्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, तिने माझ्या दुकानासमोर टेबल मांडलं. पण प्रत्येक सही अधिकारी माणसाच्या डोळ्यांदेखत व्हावी लागते. ऑगस्ट महिना, नगरपालिकेचे सगळे सुट्टीला समुद्रावर. उरला नगरसेवक ग्वाल्तिएरो कान्तेल्मो, तिचा सख्खा भाऊ. बापाच्या चेस्टनटच्या बागेवरून दोघांचं बोलणं तुटलेलं, आणि घटना बदलणारा पक्षही त्याचाच. पण निवडणूक तोंडावर होती, म्हणून आला.

"पाल्मिरा, त्याला सांग, खुर्ची सावलीत घे म्हणावं."

"पाल्मिरा, तिला सांग, मला ऊन चालतं."

धंदा सोडून मी यांचे निरोप पोचवत होते.

काम मात्र त्याने चोख केलं. ओळखपत्र नसलं तरी माणूस ओळखीचा असला की तो तसं लिहून सही करू द्यायचा. चीजवाल्या दोनातोला म्हणाला, "तुला तर तुझ्या मेंढ्यांसकट ओळखतो." एर्सिलियाने स्वतःची सही शेवटी ठेवली. वाढणारीने सगळ्यांच्या मागून बसायचं, ही तिची जन्माची खोड.

बाजार उठला. तिने पेन उचललं. ग्वाल्तिएरोने कागदावर हात ठेवला.

"ओळखपत्र."

"घरी आहे," ती म्हणाली.

दोनातो हसला. "अरे, बहीण आहे तुझी."

ग्वाल्तिएरो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या बाईंना मी ओळखत नाही."

कुणी हसलं नाही. एर्सिलिया तशीच घराकडे चढाला लागली, सत्तरीच्या गुडघ्यांनी. तिची पाठ वळताच त्याने शिक्का मारला, पाकीट बंद केलं आणि शहराकडे निघालेल्या गाडीत दिलं.

"पाच मिनिटं थांब, नालायका," मी म्हणाले.

"जेवायची वेळ झाली," म्हणत तो चौकातल्याच आपल्या घरात शिरला. मी कप भिरकावला. नेम चुकला, याचं अजून वाईट वाटतं.

ती धापा टाकत परत आली. हातात ओळखपत्र, समोर रिकामं टेबल.

"गावच्या सह्या गेल्या?"

"गेल्या. तुझी सोडून."

तिने ओळखपत्र माझ्यापुढे धरलं.

"आडनाव वाच."

"कान्तेल्मो."

"मोठ्याने वाच. जेवतोय तो वर."

मी घसा फाडून वाचलं. वरची खिडकी धाडकन बंद झाली.