पापडांची मजुरी

हिंगाची डबी उघडली की मला नांदुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या खोलीपुढचं अंगण आठवतं. बाबांना कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं म्हणून आम्ही बिहारहून तिथे आलो होतो, आणि घरचे पापड करण्याइतकं उडदाचं पीठ त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच घरात आलं होतं. आईने भीतभीत बोलावलं, तशा गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-बेलणं घेऊन आल्या आणि एकमेकींना चिडवत दुपारपर्यंत लाटत बसल्या. जन्मभर मजुरी केलेल्या आईने शेवटी प्रत्येकीपुढे पैसे ठेवले. "मजुरीले आलो का वं आम्ही तुह्या घरी?" म्हणत शेजारच्या काकू उठल्या, आणि त्यांच्यामागून सगळ्याच गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याशी कुणी बोललं नाही. आई दाराआड उभी राहून नळावरच्या गप्पा ऐकायची. मग एका सकाळी काकूच दारात आल्या. "उद्या माह्या घरी पापड हायेत. येजो लाटाले. मजुरी नाही भेटत हो!" दुसऱ्या दिवशी आई संध्याकाळी पाठ धरून परतली आणि हसत बाबांना म्हणाली, "आज किसी ने एक पैसा नहीं दिया!" आता पुण्यातल्या माझ्या इमारतीत काही मदत केली की सगळे मला न चुकता थँक्यू म्हणतात आणि दार लावून घेतात.