काकांची मशीन

थळ गावातल्या आमच्या शेजारच्या काकांनी जन्मभर मासेमारीच्या बोटीची मशीन सांभाळली, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलतात. त्यांचे कान दाखवायला मी त्यांना मुंबईला नेलं. भुयारी मेट्रोतल्या खडखडाटाने माझं डोकं उठलं, समोरच्या बाईंनी कानांवर हात दाबले. काका मात्र चपला काढून, तळवे डब्याच्या जमिनीवर टेकवून गाढ झोपले. स्टेशनात गाडी थांबली, की भर समुद्रात असल्यासारखे दचकून माझं मनगट धरायचे. “मशीन बंद परली काय रं?”

“न्हाय काका, स्टेशन आलंय,” मी खुणेने सांगायचो.

डॉक्टर म्हणाले, यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मग गाडीचा आवाज थांबल्याचं कळायचं कसं?

काल आमच्या विहिरीवरचा पंप बंद पडला. माझ्या ध्यानात यायच्या आत काका अनवाणी कुंपणाशी उभे होते, चेहरा पांढराफटक.