कायमच्या नोकरीसाठी बुडी

रविकांत परचुरेने आयुष्यात कुणाला "नाही" म्हटल्याचा पुरावा उपलब्ध नाही. बघण्याच्या कार्यक्रमात सुचेताने विचारलं होतं, "तुम्हाला ट्रेकिंग आवडतं का?" गडी उत्साहाने "हो" म्हणाला, आणि लग्नानंतरचा पहिला आठवडा राजगडावर सुजलेले गुडघे चोळत बसला. सुचेताला सगळं कळलं तोवर मंगळसूत्र गळ्यात पडलेलं होतं.

पुण्यातल्या कंपनीत या स्वभावाचं फार कौतुक झालं. साहेबांनी तारीख सांगावी, रविकांतने मान डोलवावी, काम अर्थातच त्या तारखेला होऊ नये, आणि सगळ्यांनी मिळून ग्राहकाला दोष द्यावा, अशी सुरळीत व्यवस्था होती. तिच्याच जोरावर तो नेदरलँड्सला आला आणि अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये तिसऱ्या मजल्यावर संसार थाटून बसला. एकेक वर्षाचे दोन करार पार पडले. तिसरा दोन हजार वीसच्या एकतीस ऑक्टोबरला संपणार होता, आणि तिसऱ्यानंतर कायद्याने दोनच रस्ते उरत: कायम करा, नाहीतर निरोप द्या.

निरोप मिळाला तर नवी नोकरी शोधायला तीन महिने. तेही अशा वर्षी, जेव्हा कंपन्या माणसं घेण्यापेक्षा काढण्यात गुंतल्या होत्या. सुचेताला अडीच वर्षं घरी बसून आत्ता कुठे एका पाळणाघरात काम लागलं होतं, आणि तिचा इथे राहण्याचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला टांगलेला होता. नऊ वर्षांची सानिका मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर देत होती. तिला पुन्हा पुण्याच्या शाळेत घालायचं या कल्पनेनेच सुचेताची झोप उडाली होती.

एरवी रविकांतने साहेबांना खूश करण्याचे शंभर मार्ग शोधले असते. पण कोरोनाने सगळे घरी बसलेले. साहेब म्हणजे मार्टाइन, आणि मार्टाइन म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोन. चौकोनाला लोणी लावायचं कसं?

मार्ग दाखवला दीनानाथने. हा रविकांतचा सहकारी, अकरा वर्षं इथे मुरलेला आणि स्वतः कायम झालेला, त्यामुळे सल्ले देण्याच्या बाबतीत अगदी मोकळ्या हाताचा.

"अरे, मार्टाइन दर रविवारी झीलंडच्या समुद्रात डायव्हिंगला जातो," तो फोनवर म्हणाला. "पाण्याखाली एकट्याने उतरायचं नसतं, बडी लागतो सोबत. त्याचा बडी कोरोनाला घाबरून घरी बसलाय. जा की तू! ॲप्रेझल काय मीटिंगमध्ये होतं का कधी?"

रविकांतला टिळक तलावाच्या उथळ बाजूला पोहता येत होतं. त्या भांडवलावर तो जूनमध्ये डायव्हिंग शिकला, पाठीवर टाकी बांधून प्रमाणपत्र मिळवलं आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी झीलंडच्या बांधावर हजर झाला.

मार्टाइनला मासे बघायचे नव्हते. त्याला हवा होता स्कॅलप. पेट्रोल पंपाच्या पाटीवर पंख्यासारखा शिंपला असतो ना, तोच, आत पांढऱ्या मांसाची जाड चकती. फ्रान्सच्या किनाऱ्यावर म्हणे ढिगाने मिळतो. इथे मार्टाइन सहा वर्षं शोधत होता, आणि एकूण मिळकत दोन, पैकी एक रिकामा. मधल्या काळात तो कालवांवर भागवायचा. हाताने आणि घरच्यापुरती काढायची मुभा होती, म्हणून तो नियमाची छापील प्रत गाडीत ठेवी, आणि तीन किलो कालवं काट्यावर तोलून बघी, कुणी विचारलेलं नसताना.

रविकांत शुद्ध शाकाहारी. केकसुद्धा अंडं नाही ना, अशी चौकशी करून खाणारा.

"आवडतात ना शिंपले?" पहिल्याच दिवशी मार्टाइनने विचारलं.

"खूप!" रविकांत म्हणाला.

मग काय! ऐन श्रावणात, सुचेता घरी शनिवारचा उपास सोडत असताना, परचुरेंचे चिरंजीव रविवारच्या कच्च्या कालवाची मानसिक तयारी करत. कालव लिंबू पिळून तोंडात टाकायचं, जीभ आकसून घ्यायची, डोळ्यांसमोर कायम नोकरीचं पत्र आणायचं आणि गिळायचं. घरी आल्यावर तो पाच मिनिटं चुळा भरी.

"काय खाल्लंस?" सुचेता विचारी.

"लिंबू चाटलं फक्त."

पाण्याखालच्या परिस्थितीचं वर्णन सोपं होतं, कारण दिसत काहीच नव्हतं. पालकाची पातळ आमटी पसरावी तसं हिरवं पाणी, आणि त्यात पुढे मार्टाइनच्या पायांतले पिवळे रबरी पंजे. मधूनमधून मार्टाइन वळे आणि अंगठा-तर्जनी जुळवून गोल करून विचारी, सगळं ठीक? रविकांत लगेच तसाच गोल करून दाखवी. मास्कमध्ये पाणी शिरलं, गोल. बोटं बधिर झाली, गोल. एकदा पोटऱ्यांत असे गोळे आले की डोळ्यांतून पाणी काढलं, तरी हाताचा गोल शाबूत. ऑगस्टअखेरीस एकदा मार्टाइनने स्वतःच त्याचा हवेचा काटा ओढून बघितला. पन्नासवर आला की वर यायचं असतं. काटा तीसवर होता आणि रविकांतची बोटं गोल.

मार्टाइनने त्याला धरून वर आणलं. वर येऊन फार काही बोलला नाही. रविकांतने त्याचा अर्थ असा लावला की साहेब प्रभावित झाले.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी स्कॅलप मिळाला. मार्टाइन पाण्याबाहेर आला तो नाचतच. दीड मीटरचा नियम पाळून दोघे बांधावर बसले. मार्टाइनने सुरीने शिंपला उघडला, आतली चकती मधोमध कापली, लिंबू पिळलं आणि अर्धा भाग रविकांतसमोर दगडावर ठेवला. रविकांतने डोळे मिटून तो तोंडात टाकला. आता पत्राची गोष्ट निघणार, हे त्याला आतून कळत होतं.

निघालीच. "उद्या तुला एचआरचं पत्र येईल," मार्टाइन म्हणाला. "स्क्रीनवर सांगणं मला बरं वाटेना. आपण करार वाढवत नाही आहोत."

तुकडा अजून तोंडात होता. रविकांतने तो गिळला.

"तू मला माणूस म्हणून फार आवडतोस," मार्टाइन अगदी मनापासून म्हणाला. "पण मी विचारतो, होईल का वेळेत? तू हो म्हणतोस. काही अडचण आहे का? नाही म्हणतोस. आणि मग होत नाही. मला वाटायचं, ऑफिसमध्ये बुजत असशील. पण त्या दिवशी हवा संपत आली तरी तू ठीक म्हणून खूण केलीस. तुझ्या 'हो'वर मी काय भरवसा ठेवू?"

रविकांतला संताप आला. मार्टाइनचा, दीनानाथचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तीन महिने मैत्रीचं सोंग आपण केलं, आणि हा समोरचा माणूस खरोखरच मैत्री करत होता, हे कळून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुचेताला काय सांगायचं? सानिकाला कुठल्या भाषेत सांगायचं?

"घे," मार्टाइनने उरलेला अर्धा भागही पुढे केला. "आज हाही तुझा."

"नको," रविकांत म्हणाला.

आवाज स्वतःचाच आहे, याची त्याला खात्री पटेना. मग म्हणाला, "मी शाकाहारी आहे. जन्मापासून. मला हे अजिबात आवडत नाही. आणि पाण्याखाली मला भीती वाटते."

मार्टाइन आ वासून बघत राहिला. मग त्याचा चेहरा खुलला.

"बघ! हेच! तीन वर्षं मी नेमकी याचीच वाट बघत होतो!"

"मग... पत्र?" रविकांतने विचारलं.

"त्याच्यावर शुक्रवारीच सही झाली," मार्टाइन म्हणाला, आणि वाया जाऊ नये म्हणून उरलेला तुकडा त्याने आपल्या तोंडात टाकला.