रोवणीत आलेला फोन

आमच्या घरी भाताची रोवणी लागली की घरचं माणूस गाव सोडत नाही. लग्नाचं आमंत्रण असो की कोर्टाची तारीख, बाबांचं उत्तर एकच, रोवणी उरकल्यावर. लाखांदूरकडच्या आमच्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी देशाच्या महिला क्रिकेट संघाची कप्तान झाले, तेव्हासुद्धा बाबांनी आधी हेच विचारलं होतं, की दौरे पावसाळ्यात असतात का.

त्या वर्षी परदेशात आम्ही सपाटून मार खाल्ला होता. माझा गुडघा बरा झाला होता, पण टीव्हीवरच्या पंडितांनी मला कधीच म्हातारी ठरवून टाकलं होतं. पुढच्या दौऱ्याचा संघ निवडला जायचा होता. कप्तानपद जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचं मला खरंच फार वाटत नव्हतं. मला संघात राहायचं होतं, बस. माझ्या वयाला एकदा बाहेर काढलं की परत कुणी आत घेत नाही.

निवड समितीच्या बैठकीच्या दिवशी शहरात नुसतं बसून वेड लागलं असतं, म्हणून मी आदल्या दिवशी गावी आले. आईनं लगेच पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, जुडी हातात ठेवली. बांधीतल्या, भाताच्या खाचरातल्या, बाया माझी वाकडी ओळ बघून हसत होत्या. बांधीत फोनला रेंज नाही. ती फक्त बोडीच्या, म्हणजे छोट्या तलावाच्या, मातीच्या पाळीवर, आणि तिथे बाबा शेतांना पाणी सोडत बसलेले. फोन त्यांच्याकडे दिला आणि बजावलं, वाजला की हाक मारा. सकाळभर माझे कान पाळीकडे होते. कुणी बैलाला ओरडलं तरी मी दचकत होते.

हाक आली नाही. दुपारी जेवायला पाळीवर गेले, तर बाबा कांदा फोडता फोडता म्हणाले, फोन आला होता.

निवड समितीतले एक गृहस्थ होते. ते मलाच फोनवर बोलावत होते, पण बाबांनी बाप असल्याचं सांगून त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. कप्तानपद दुसरीला दिलंय. साधी खेळाडू म्हणून मी येणार का, याचं उत्तर त्यांना आत्ताच्या आत्ता हवं होतं.

"मंग?" मी विचारलं.

"सांगतलं, रोवणी चालू हाय, येत नाही पोरगी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला हाक काहून मारली नाही, म्हणून मी ओरडले. बाबा खाली बघून म्हणाले, "तू जिले शिकवलं, तिच्या हाताखाली तुले पाहाणं मले जमलं नसतं."

"पण मले खेळायचं होतं, बाबा. कोणाच्याही हाताखाली."

बांधीतल्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे बघायला लागल्या. मी फोन लावला, नंबर व्यस्त. पुन्हा लावला, रेंज गेली. पाळीच्या उंच टोकाला जाऊन लावला, तर नुसता वाजत राहिला. बैठक कुठल्याही क्षणी उठली असती, आणि यादी एकदा पत्रकारांच्या हातात पडली की ती कुणी बदलत नाही. चिखलाच्या हातांनी मी पुन्हा नंबर दाबला.

बाबा उठून माझ्यामागे आले. अख्ख्या गावाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणारा हा माणूस. माझ्या नोकरीसाठी पुढाऱ्याला भेटा असं गावातल्या एकानं सुचवलं, तेव्हा याने त्यालाच घराबाहेर काढलं होतं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि परत लावला. या वेळी तो उचलला गेला. बाबांनी फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला आणि दोन्ही हात जोडले. पलीकडच्या माणसाला ते हात दिसणार नव्हते.

"साहेब, मघाशी मीच बोललो. चूक माही हाय. पोरीले कप्तान नका करू, पण घेऊन जा."

बराच वेळ ते नुसतं हो साहेब, हो साहेब म्हणत राहिले. मग फोन मला देऊन म्हणाले, साहेब पाहतो म्हणते. जेवण तसंच पडून राहिलं. ते पाण्याकडे गेले. मी फोन मांडीवर ठेवून पाळीवर बसून राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बापाची दया आली. ती मला अजिबात आवडली नाही.

संध्याकाळी यादी आली. माझं नाव शेवटचं होतं. बाबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, खेळवतील ना. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रोवणी अर्धी टाकून तेच मला मोटरसायकलवर लाखांदूरच्या एसटीपर्यंत सोडायला आले. त्या दौऱ्यात मला एकही सामना मिळाला नाही. दर सामन्याच्या सकाळी त्यांचा फोन यायचा आणि मी सांगायची, आज मला आराम दिलाय.

"बरं," ते म्हणायचे, "मंग पुढच्या मॅचले."