आमच्या फुटपाथचे मानकरी

आमच्या टेमघरच्या शाळेत डबे उघडायच्या आधी किस्से उघडतात. बहुतेक सगळे शिक्षक पायी येणारे, त्यामुळे रोज कोणीतरी रस्त्यावर भांडूनच येतं. मागणं एकच: फाटकासमोरचा फुटपाथ मोकळा करा, पोरांना जीव मुठीत धरून यायला लागू नये.

*

गणिताच्या फरीदाबाई. फुटपाथवर कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो उभा. बाई म्हणाल्या, "भाऊ, बाजूला घ्या."

ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "मॅडम, रोड पे खडी करू क्या? लोगों को तकलीफ होगी ना!"

म्हणजे आम्ही लोक नव्हेच!

*

पीटीचे म्हात्रे सर शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांनी बाईक घरी ठेवून चालत यायला सुरुवात केली. आठवडा झाला नाही तोच काल्हेरहून मेव्हण्याचा फोन!

"भावजी, गाडी चोरीला गेली का?"

"न्हाय रं, घरीच हाय."

"मंग लायसन गेलं?"

"न्हाय!"

मेव्हणा आवाज खाली आणून म्हणाला, "मंग डॉक्टर काय म्हणाला, खरं सांगा."

*

आम्ही बरीच बोंबाबोंब केल्यावर पालिकेचे एक साहेब पाहणीला येणार, असं ठरलं. आम्ही सगळे फाटकात उभे. साहेब येईनात. फोन केला तर कळलं, मागच्या चौकात जाम लागलाय आणि साहेब एसी लावून गाडीतच बसलेत. तिथून शाळा दिसते हो!

शेवटी आले. म्हणाले, "नकाशात तुमचा फुटपाथ चांगला रुंद आहे."

फरीदाबाई भडकल्या. "साहेब, आमची पोरं नकाशावरून चालत येत नाहीत!"

*

त्यानंतरचं सांगताना मला अजून राग आवरत नाही. फुटपाथवर गाड्या, म्हणून फरीदाबाई रस्त्याच्या कडेने येत होत्या. वडपे गावातल्या गोदामाकडे निघालेल्या कंटेनरचा आरसा त्यांच्या कोपराला लागला. हात फ्रॅक्चर! वर क्लीनर ओरडतोय, "रस्त्यातून काय चालताय?"

मग चालायचं कुठून? आमची पहिलीची पोरं त्याच कडेने येतात.

*

एवढं झाल्यावर मात्र फुटपाथ रिकामा झाला. पिवळे पट्टे मारले, वर नवा कोरा बोर्डही लागला. 'फक्त पादचाऱ्यांसाठी' असं लिहायचं होतं. पेंटरने लिहिलं, 'फक्त पदाधिकाऱ्यांसाठी'. आम्ही पोट धरून हसलो. म्हटलं, अक्षर चुकलं तर चुकलं, फुटपाथ तर मिळाला!

सोमवारी बघतो तर त्यावर पांढरी गाडी. पुढे लाल पाटी: उपाध्यक्ष.

प्लास्टरमधला हात सावरत फरीदाबाईंनी काच वाजवली. "गाडी काढा. हा फुटपाथ आहे!"

ड्रायव्हरने काच खाली केली, बोर्डाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बाई, शाळेत शिकवता ना? मग वाचा की!"