धोंडबाच्या ताण्याची खळ

अनुसयेच्या तोंडाला लागायची अख्ख्या आळीत कोणाची छाती नव्हती. नळावरचं भांडण तीच सुरू करी, आणि कंटाळा आला की तीच मिटवी. त्या सकाळी मात्र ती धोंडबाच्या दारात तोंड शिवल्यागत उभी होती.

साल सत्तरच्या आसपासचं. गोळीबार चौकामागची ती विणकरांची आळी. धोंडबाची लुगडी गांधीबागेतल्या व्यापाऱ्यानं परत पाठवली होती. घडी मोडली की घाण वास येतो म्हणे. वास आला म्हणजे तो खळीचा. सुताचा ताणा मागावर चढवण्याआधी रस्त्यात ताणून त्याला तांदळाची खळ पाजावी लागते, नाहीतर धागे टिकत नाहीत. आणि आळीतले सगळे ताणे पाजायचा मोमिनपुऱ्याचा सुभानभाई. त्याच्या आधी त्याचा बाप पाजायचा.

"चरबी घातली असन खळीत," बाबूलाल म्हणाला. धोंडबाचा हा मेहुणा जन्मात मागावर बसला नव्हता. "गाईची. आपल्याले बाटवून राहिले हे लोक."

पेपरात तेव्हा रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या दंग्याची बातमी असे. चरबी म्हटल्याबरोबर बायकांनी नाकाला पदर लावले. कालपर्यंत त्याच खळीचं लुगडं मांडीवर घेऊन बसलेली धोंडबाची बायकोही आता मळमळतंय म्हणू लागली.

कामावरून बोलावून आणलेला सुभानभाई दारापुढच्या घोळक्यात मधोमध उभा होता. बाबूलालनं त्याच्या हातातला खळ लावायचा कुंचा हिसकावून नालीत फेकला, तरी तो हलला नाही. त्यानं एकदाच अनुसयेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ती खळ अनुसयेनं शिजवली होती. ताणा पाजायच्या आदल्या दिवशी सुभानभाई तापानं फणफणला होता, सर्दीनं त्याचं नाक बंद होतं. "भाभी, ताणा मी पाजतो, खळ तेवढी तुम्ही शिजवा," तो म्हणाला होता. खळ पहाटे शिजवायची, हे विणकराच्या पोरीलाही ठाऊक असतं. अनुसयेनं आळस केला, संध्याकाळीच शिजवून झाकून ठेवली. वैशाखाचा उकाडा. सकाळी आंबूस वास आला तेव्हा वास दबावा म्हणून तिनं वरून थोडं तेल ओतलं आणि दिली त्याला.

आता बोलावं, तर घरात चूल कशी पेटणार? नवरा गेलेला, पदरात दोन पोरी, आणि मागावर चढणारं सूत धोंडबाच देणार. त्यानं हात आखडला की माग बंद. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. स्वतःची तिला चीड आली, पण जीभ उचलेना.

"खरं सांग, सुभान," धोंडबा म्हणाला. "खळ कोठं शिजवली होती?"

"माह्या घरी," सुभानभाई म्हणाला.

"पाहा, कबूल करून राहिला," बाबूलालनं त्याची कॉलर धरली. मागची दोन माणसंही पुढे सरकली.

"सोड त्याले," अनुसया म्हणाली. चौकट सोडून ती पुढं आली. "खोटं बोलून राहिला तो, माह्यासाठी. खळ मी शिजवली. आदल्या सांजेची होती. द्यायचं नसन त सूत नको देऊ गा, धोंडबाभाऊ."

धोंडबानं लुगडं उचलून पुन्हा नाकाशी नेलं.

"मंग आंबली असन," तो सावकाश म्हणाला. "उन्हाळ्यात होते असं. पुढं ध्यान ठेव."

बायकांचे पदर खाली आले. एक जण तर हसलीसुद्धा. इतक्या सहज सुटका झाली तेव्हा अनुसयेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माह्या हातची म्हटल्यावर आंबली," ती म्हणाली, "आन् त्याच्या हातची होती तवा चरबी? वास त तोच हाय ना?"

बाबूलालला इतवारीतलं काम आठवलं.

त्या दिवसापासून सुभानभाई आळीत फिरकला नाही. आठ-पंधरा दिवसांनी धोंडबा स्वतः जाऊन सुभानभाईला घेऊन आला. सुभानभाई पहिल्यासारखाच ताणे पाजू लागला. पण आता तो खळीचं भांडं आधी घरधन्यापुढे ठेवी, झाकण काढी आणि वास घ्यायला लावी. त्याशिवाय कामाला हात लावत नसे. अनुसयेच्या दारातही त्यानं तेच केलं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माह्यापुढं काहून, सुभानभाई?"

"राहू द्या, भाभी," तो म्हणाला. "दर बारीले खरं सांगाले तुम्ही थोड्याच राहणार हाय?"